टोपी बाजारातला मांडव असो की मिरजेतली मैफल: वाद्यांचा आवाज वाढवताना स्पीकर, अँप आणि मिक्सर कसे सांभाळाल?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याजवळ टोपी बाजार आहे. जुना, दाट, दुकानांना दुकान लागलेला. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेल्या या लष्करात मराठी घरं आहेत, गणपती आहे आणि गाणंही आहे. ग्वाल्हेर घराण्याची गायकी इथूनच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांबरोबर दक्षिणेकडे, मिरज-इचलकरंजीच्या मुलुखात आली. उलट दिशेनेही माणसं गेली. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व मध्य प्रदेशात देवासला जाऊन राहिले. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताच्या शहरांच्या यादीत घेतलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे राज्यांच्या हद्दी बदलल्या तरी वाद्यं तीच आहेत आणि ती ऐकवण्याची अडचणही तीच आहे.

अडचण अशी. तबला, पेटी, सरोद, सतार, व्हायोलिन ही वाद्यं मुळात खोलीत किंवा दरबारात ऐकण्यासाठी घडली. मांडवात, चौकात, मैदानात ती माइकवरून वाजवली की मधल्या यंत्रांवर ताण येतो. मग सम गाठताना स्पीकर ‘फाटतो’, रात्री नऊला हॉर्न बंद पडतो, अँप गरम होऊन थांबतं. भाड्याने आणलेली सिस्टिम असेल तर अनामत जाते आणि छोट्या साऊंडवाल्याची स्वतःची असेल तर हंगामाची कमाई जाते. वायरिंग चुकलं असेल तर माणसाच्या जिवावरही बेतू शकतं. हे का होतं आणि कसं टाळायचं, हे मंडळाच्या कार्यकर्त्याला, साऊंडवाल्याला आणि वादकालाही उपयोगी पडेल अशा पद्धतीने पुढे दिलं आहे.

ओव्हरलोड म्हणजे नेमकं काय?

‘आवाज जास्त झाला’ एवढाच ओव्हरलोडचा अर्थ नाही. साखळीतल्या एखाद्या कडीला झेपेल त्यापेक्षा जास्त मिळालं की ओव्हरलोड होतो. आवाज कमी असतानाही तो होऊ शकतो. साखळीत अशा चार जागा असतात.

१. माइक किंवा पिकअप. ढोल-ताशाच्या अगदी तोंडाशी ठेवलेला कंडेन्सर माइक स्वतःच फाटतो. पुढे मिक्सरवर कितीही कमी केलं तरी फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही.

२. मिक्सरचं इनपुट. गेनचं बटण जास्त उघडलं की इथे आवाज कापला जातो. फेडर खाली ओढला तर फक्त फाटलेला आवाज हळू ऐकू येतो.

३. अँप्लिफायर. त्याच्या वीजपुरवठ्याला जेवढे व्होल्ट देता येतात, त्यापुढे लाटेचं टोक सपाट होतं. यालाच क्लिपिंग म्हणतात आणि लाल दिवा त्याचीच सूचना देतो.

४. स्पीकर. इथे दोन प्रकारे नुकसान होतं. एक उष्णतेने, कॉइल जळते. दुसरं हालचालीने, कोन मर्यादेबाहेर पुढे-मागे जातो आणि कॉइल घासते किंवा कोन फाटतो.

म्हणून आवाज खराब झाला की पहिला प्रश्न विचारायचा, ‘कुठे फाटतोय?’ सगळ्यांनी मिळून मास्टर कमी करणं हा उपाय दरवेळी लागू पडत नाही.

माइक, वाद्य, लाइन आणि स्पीकर: व्होल्टचा हिशोब

माइकमधून येणारा विद्युत संकेत फार बारीक असतो, काही मिलिव्होल्टचा. वाद्याला चिकटवलेल्या पिकअपचा त्याहून मोठा. मिक्सरमधून बाहेर पडणारा व्यावसायिक लाइन संकेत साधारण १.२३ व्होल्ट, म्हणजे +४ डीबीयू. घरगुती उपकरणांचा सुमारे ०.३ व्होल्ट. अँपमधून स्पीकरला जाणारा मात्र दहापट, पन्नासपट मोठा असतो. ८ ओहमच्या स्पीकरला ५०० वॅट देणारं अँप त्या क्षणी सुमारे ६३ व्होल्ट देत असतं.

यातून तीन नियम निघतात.

पहिला, अँपचं स्पीकर आउट मिक्सरच्या इनपुटला कधीही लावायचं नाही. बेंजो किंवा गिटारच्या अँपमधून आवाज ‘घ्यायचा’ असेल तर त्यावरचं लाइन आउट किंवा डीआय आउट घ्या. तसं नसेल तर अँपसमोर माइक ठेवा.

दुसरा, पॉवर्ड म्हणजे अँप आतच असलेल्या स्पीकरच्या मागे ‘माइक / लाइन’ असा खटका असतो. मिक्सरमधून येणारी वायर लावताना तो ‘लाइन’वरच हवा. चुकून ‘माइक’वर राहिला की स्पीकर कमी आवाजातही फाटलेला वाटतो आणि लोक मिक्सर बदलत बसतात.

तिसरा, कीबोर्ड, ऑक्टापॅड आणि लॅपटॉप यांचा संकेत माइकपेक्षा कितीतरी मोठा असतो. तो लाइन इनपुटला द्यायचा. लांबून आणायचा असेल तर मध्ये डीआय बॉक्स ठेवायचा आणि गरज पडल्यास त्यावरचा ‘पॅड’ दाबायचा. पॅड म्हणजे संकेत ठरावीक प्रमाणात कमी करणारा खटका, बहुतेक वेळा २० डेसिबलचा.

वाद्यागणिक ताण वेगळा

सगळ्या वाद्यांना एकच गेन, एकच माइक चालत नाही. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

तबला, पखवाज, ढोलकी. यांची सरासरी पातळी कमी आणि थापेचं टोक फार उंच असतं. टोक सरासरीपेक्षा १५ ते २० डेसिबलनेही वर जाऊ शकतं. त्यामुळे मीटर शांत दिसतो आणि थापेला लाल दिवा चमकतो. तबलजीला सुरात लावताना नव्हे, रेला किंवा तिहाई वाजवायला सांगून गेन ठरवा. डग्ग्याच्या घुमाऱ्याने कोन लांब हलतो, म्हणून डग्ग्याचा माइक पुडीला अगदी टेकवू नका.

पेटी. हिचं उलट आहे. टोकं फारशी नाहीत, पण सूर सलग भरलेला असतो. म्हणजे सरासरी ताकद जास्त जाते आणि कॉइल, विशेषतः हॉर्नची कॉइल, हळूहळू तापते. पेटीचा आवाज ‘उठावदार’ करण्यासाठी वरच्या पट्ट्या फार वाढवू नका.

सरोद आणि सतार. जव्याचा आघात धारदार आणि नंतरचा सूर मऊ. हाफिज अली खाँसाहेबांच्या घरामुळे ग्वाल्हेरला सरोद नवा नाही. ते घर आता ‘सरोद घर’ म्हणून वाद्यांचं संग्रहालय झालं आहे. या वाद्यांना कातड्याच्या किंवा तबलीच्या समोर थोड्या अंतरावर ठेवलेला एक चांगला माइक पुरतो. मॉनिटर स्पीकर वादकाच्या कानापर्यंत पोचेल एवढाच ठेवा. जास्त केला तर तरफा आणि भोपळा स्पीकरच्या आवाजानेच घुमायला लागतात.

तंबोरा. भोपळा हे पोकळ पेटाऱ्यासारखं असतं. स्पीकरचा आवाज त्यात शिरतो, तारा हलतात, माइक तो पुन्हा उचलतो. तंबोऱ्याचा माइक सगळ्यात खालच्या पातळीवर ठेवायचा, कारण त्याला ‘ऐकू यायला’ नव्हे, ‘असायला’ हवं.

व्हायोलिन, बासरी, सारंगी. चिकटवलेला पिझो पिकअप वापरत असाल तर त्याला फार उंच अडथळ्याचं इनपुट लागतं, १ मेगाओहमच्या आसपास. साध्या मिक्सरला थेट लावला तर आवाज पातळ आणि कर्कश येतो. मग लोक गेन वाढवतात आणि वाद्याला नुसता हात लागला तरी मोठा ‘ठक्’ स्पीकरपर्यंत जातो. उपाय म्हणजे पिझोसाठीचा ॲक्टिव्ह डीआय किंवा प्रीअँप. बासरीला फुंकेचा झोत थेट माइकवर पडू देऊ नका.

कीबोर्ड आणि ऑक्टापॅड. सिस्टिम उडवण्यात यांचा वाटा मोठा असतो. ऑक्टापॅडचा ‘किक’ म्हणजे खालच्या कंपनांचा सरळ धक्का. वादकाने आपलं मास्टर व्हॉल्यूम पाऊणच्या आसपास ठेवावं, साऊंडवाल्याने त्यावर गेन लावावा, आणि नंतर वादकाने ते हलवू नये. कार्यक्रम सुरू असताना पॅच किंवा किट बदलला की पातळी एकदम उसळते, म्हणून वापरायचे सगळे आवाज आधी वाजवून बघा.

गेन कसा लावायचा? सहा पायऱ्या

१. सगळे फेडर खाली, मास्टर खाली, गेन पूर्ण कमी. चॅनल म्यूट.

२. माइक किंवा डीआय लावा. कंडेन्सर माइक किंवा ॲक्टिव्ह डीआयला ४८ व्होल्टचा फँटम लागत असेल तर चॅनल म्यूट असतानाच सुरू करा आणि काही सेकंद थांबा. फँटम चालू असताना वायर काढ-घाल केली की ‘धाड्’ असा आवाज थेट स्पीकरवर बसतो.

३. वादकाला कार्यक्रमात वाजवेल तितक्या जोरात, शक्य तर त्याहून थोडं जास्त, वाजवायला सांगा. ‘हॅलो हॅलो, वन टू थ्री’ म्हणून तबल्याचा गेन लागत नाही.

४. सोलो किंवा पीएफएल बटण दाबून मीटर बघा. ॲनालॉग मिक्सरवर सरासरी शून्याच्या आसपास हवी. डिजिटल मिक्सरवर सरासरी −१८ च्या जवळ आणि टोकं −१० ते −६ च्या आत ठेवा. डिजिटलमध्ये शून्याच्या वर काहीच नसतं. तिथे पोचलात की आवाज कापला गेलाच.

५. लो कट म्हणजे हाय पास फिल्टर लावा. बोलण्याच्या आणि गाण्याच्या माइकला ८० ते १०० हर्ट्झ, पेटीला ८० च्या आसपास, सरोदला ६० च्या आसपास, डग्ग्याला ४० ते ५०. हे आकडे सुरुवातीसाठी आहेत, पुढे कानाने ठरवा. वाऱ्याचा, पावलांचा, स्टेजच्या फळ्यांचा आवाज यानेच थांबतो आणि बेसच्या स्पीकरची फुकट हालचाल वाचते.

६. आता फेडर शून्याच्या खुणेजवळ आणा आणि मास्टर हळूहळू वर घ्या. गायक-वादक रंगात आले की १० डेसिबल तरी वर जातात. तेवढी मोकळी जागा आधीच सोडा.

क्लिपिंगने स्पीकर का जळतो?

पुष्कळांना वाटतं की अँप मोठं असेल तरच स्पीकर जळतो. अँप लहान असलं तरी जळतो. स्वच्छ लाटेवर १०० वॅट देणारं अँप जोरात क्लिप झालं की लाट चौकोनी होत जाते. पूर्ण चौकोनी लाटेत त्याच व्होल्टला दुप्पट ताकद असते, म्हणजे तेच अँप २०० वॅटपर्यंत देऊ लागतं. शिवाय लाट कापली की त्यातून नवीन उंच कंपनं तयार होतात. क्रॉसओव्हर ती हॉर्नकडे पाठवतो. हॉर्नच्या ड्रायव्हरची कॉइल बारीक असते, ती आधी जाते. म्हणून बहुतेक वेळा बेस वाजत राहतो आणि हॉर्न मुका होतो.

स्पीकरला दिलेल्या विजेतला फार थोडा भाग आवाज होतो. बाकी सगळी उष्णता. कॉइल तापली की तांब्याचा विरोध वाढतो, दर अंशाला साधारण ०.३९ टक्के. तापमान २०० अंशांनी वाढलं तर विरोध जवळपास पावणेदोन पट होतो आणि तेवढ्याच व्होल्टवर ताकद अडीच डेसिबलच्या आसपास घटते. ऐकणाऱ्याला वाटतं, ‘आवाज पडला’. मग कुणीतरी मास्टर वाढवतो, कॉइल आणखी तापते, आणि पुढच्या अर्ध्या तासात संपते. रात्र चढेल तसा आवाज ‘बसत’ असेल तर तो वाढवू नका, उलट थोडा कमी करून स्पीकरला थंड होऊ द्या.

दुसरं नुकसान हालचालीचं. भोक असलेल्या म्हणजे पोर्टच्या बेस पेटीत ठरावीक कंपनाच्या खाली हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकळा हलतो. आवाज फारसा येत नाही, पण कोन फाटण्याइतका हलतो. म्हणून बेसलासुद्धा लो कट हवाच. तो कंपनीने सांगितलेल्या कंपनावर लावायचा.

किती वॅट लागतात? हिशोब करून बघा

स्पीकरच्या माहितीत ‘संवेदनशीलता’ लिहिलेली असते. समजा ती ९७ डेसिबल आहे. म्हणजे १ वॅटला १ मीटरवर ९७ डेसिबल. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. ताकद दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात. दहापट केली की १० वाढतात, आणि तेव्हा कुठे कानाला दुप्पट वाटतं.

टोपी बाजारासारख्या बाजारपेठेत शेवटचा श्रोता स्पीकरपासून ८ मीटरवर उभा आहे असं धरू. १ मीटरपासून ८ मीटर म्हणजे तीनदा दुप्पट, १८ डेसिबल कमी. म्हणजे फक्त १ वॅट सरासरीलाही तिथे ७९ डेसिबल पोचतात. दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून परावर्तन होतं ते वेगळंच. तबल्याची टोकं सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर, म्हणजे त्या क्षणापुरते ३० ते १०० वॅट लागतील. मग अशा जागी हजारो वॅट लावून काय साधतं? स्पीकरही जातात आणि शेजारीही तुटतात.

मैदानात ३२ मीटरवर मात्र तोच १ वॅट ६७ डेसिबलवर येतो आणि १०० वॅट दिले तर ८७ वर. इथे पुढच्या स्पीकरवर ताकद ओतत बसण्यापेक्षा मध्यावर दुसरी जोडी लावणं शहाणपणाचं. आवाजाला दर मीटरला साधारण २.९ मिलिसेकंद लागतात, म्हणून २० मीटरवरच्या जोडीला सुमारे ५८ मिलिसेकंदांचा डिले द्यायचा. तसं केलं नाही तर शब्द दोनदा ऐकू येतात.

अँप आणि स्पीकरची जोडी

स्पीकरवर तीन आकडे असू शकतात. सलग (आरएमएस), प्रोग्रॅम आणि पीक. साधारणपणे प्रोग्रॅम हा सलगच्या दुप्पट आणि पीक चौपट असतो. विकताना मोठा आकडा पुढे केला जातो, पण जुळवणी सलग आकड्यावरून करायची. तबला-गायनाच्या मैफलीला सलगच्या दीडपट ते दुप्पट अँप चालतं, कारण टोकांना जागा मिळते. मात्र लिमिटर लावलेला हवा आणि माणूस बसलेला हवा. ऑक्टापॅड-कीबोर्डचा सलग जोरदार आवाज असेल, किंवा मिक्सरवर लक्ष द्यायला कुणी नसेल, तर अँप सलग आकड्याएवढंच ठेवा.

ओहमचा हिशोबही तितकाच महत्त्वाचा. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर लावले की ४ ओहम, चार लावले की २ ओहम. अँपवर ‘किमान ४ ओहम’ लिहिलं असेल तर तिसरा डबा जोडणं म्हणजे अँपला ताप देणं. ब्रिज मोडमध्ये प्रत्येक चॅनलला निम्माच ओहम दिसतो, तेव्हा ८ ओहमचा एकच डबा लावा. ‘अजून एक डबा आहे, लावून टाक’ या सवयीतून पुष्कळ अँप गेली आहेत.

लिमिटर: आकडा कसा काढायचा?

लिमिटर म्हणजे ठरलेल्या पातळीपुढे संकेत जाऊ न देणारा पहारेकरी. तो अंदाजाने लावायचा नाही. उदाहरण घ्या. स्पीकर ३०० वॅट सलग, ८ ओहम. ३०० ला ८ ने गुणलं की २४००. त्याचं वर्गमूळ ४९. म्हणजे या स्पीकरला सलग ४९ व्होल्टपेक्षा जास्त जाऊ द्यायचे नाहीत. अँपचा गेन ३२ डेसिबल असेल तर तो व्होल्ट ४० पट करतो. ४९ भागिले ४० म्हणजे साधारण १.२२ व्होल्ट. हेच +४ डीबीयू. प्रोसेसरमध्ये सरासरी (आरएमएस) लिमिटर तिथे लावा.

थापेच्या टोकांसाठी वेगळा पीक लिमिटर असतो, तो यापेक्षा वर ठेवतात. अँपमधला ‘क्लिप लिमिटर’ मात्र फक्त अँपचं क्लिपिंग रोखतो. अँप मोठं आणि स्पीकर लहान असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. आणि लिमिटरचा दिवा सतत पेटलेला असेल तर तो काम करतोय म्हणून खूश होऊ नका. त्याचा अर्थ आवाज कमी करायची वेळ झाली आहे.

शिट्टी हाही ओव्हरलोडच

माइकने स्पीकरचा आवाज पुन्हा उचलला की शिट्टी बसते. ती सलग एकाच सुराची आणि क्षणात पूर्ण ताकदीची असते, त्यामुळे हॉर्नच्या कॉइलला थंड व्हायला उसंत मिळत नाही. उपाय सोपे आहेत. मुख्य स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला ठेवा. मॉनिटर माइकच्या पाठीमागच्या बहिऱ्या बाजूला ठेवा. वापरात नसलेले माइक म्यूट करा. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीआधीची मोकळी जागा ३ डेसिबलने घटते. दोन वाद्यांच्या माइकमधलं अंतर, प्रत्येक माइकच्या आपल्या वाद्यापासूनच्या अंतराच्या किमान तिप्पट असावं. शिट्टी आलीच तर पळत जाऊन गेन शोधत बसू नका, आधी मास्टर खाली घ्या.

वीज: सगळ्यात महाग चूक इथे होते

मांडवाला तीन फेजची लाइन घेतली असेल आणि न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला, तर एखाद्या फेजवर २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास जाऊ शकतात. क्षणात मिक्सर, वायरलेस, कीबोर्ड सगळं जातं. म्हणून साऊंड लावण्यापूर्वी परवानाधारक वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थिंग तपासून घ्या, प्रत्येक बोर्डवर मीटर लावून व्होल्ट मोजा आणि लाइटच्या माळा व साऊंड यांची लाइन वेगळी ठेवा. जनरेटर असेल तर त्यावर आधी लाइटचा भार टाका, व्होल्ट स्थिर झाल्यावर साऊंड सुरू करा.

‘भों’ आवाज येतो म्हणून प्लगची अर्थची पिन कापणं हा जीवघेणा प्रकार आहे. वादकाच्या हातात धातूच्या तारा आणि ओठाजवळ धातूचा माइक असतो. अर्थ नसेल तर बिघाडाची वीज त्याच्यातून वाट काढते. भों घालवायचा असेल तर डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्ट वापरा, सगळं साऊंड एकाच ठिकाणच्या लाइनवर आणा. लाइनला ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी बसवा.

सुरू करताना आधी मिक्सर, मग प्रोसेसर, सगळ्यात शेवटी अँप. बंद करताना आधी अँप. वीज गेली की लगेच अँपचे खटके बंद करा, कारण वीज परतताना बसणारा धक्का स्पीकरलाच लागतो.

ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो. अँपच्या पुढे-मागे हवा खेळती हवी, गादीवर किंवा कापडाखाली ठेवू नका. गणपतीत पावसाची दमट हवा आणि तानसेन समारोहाच्या डिसेंबरात रात्रीचं दव. दोन्ही वेळी स्पीकर आणि जोडण्या झाका, पण चालू अँपवर प्लॅस्टिक टाकू नका.

कायदा काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण नियम २००० सगळ्या राज्यांना लागू आहेत. व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल, निवासी भागात ५५ आणि ४५ ही मर्यादा आहे. सार्वजनिक जागेच्या सीमेवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. मध्य प्रदेशात याशिवाय १९८५ चा कोलाहल नियंत्रण अधिनियम आहे. महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, मध्य प्रदेश, कुठेही असा, सवलतीचे दिवस आणि परवानगीची पद्धत आपल्या जिल्हा प्रशासनाकडून विचारून घ्या.

वरचा ८ मीटरचा हिशोब आठवा. कायद्याची मर्यादा आणि यंत्राची सुरक्षित मर्यादा एकाच दिशेला बोट दाखवतात. कानाचंही तेच. ८५ डेसिबल आठ तास चालतात असं धरलं तर दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. मिक्सरवर बसणाऱ्या आणि स्पीकरसमोर नाचणाऱ्या पोरांनी हे लक्षात ठेवावं.

आवाजावरून बिघाड ओळखा

एकाच वाद्याचा आवाज फाटतोय, बाकी स्वच्छ: त्या चॅनलचा गेन जास्त आहे किंवा पिकअपची बॅटरी उतरली आहे.

सगळंच फाटतंय, मिक्सरचे मीटर हिरवे: अँप क्लिप होतंय किंवा पॉवर्ड स्पीकरचा खटका ‘माइक’वर आहे.

आवाज बुजका, शब्द कळत नाहीत: हॉर्न गेला असण्याची शक्यता. जोर वाढवू नका.

बेसमधून खरखर किंवा घासल्याचा आवाज: कॉइल घासते आहे. तो डबा लगेच बंद करा.

जळका वास: तो डबा काढून ठेवा, पुन्हा ‘चालवून बघू’ म्हणायचं नाही.

अँप मधेच थांबतं आणि थोड्या वेळाने चालू होतं: उष्णता किंवा ओहम कमी. डबे मोजा, पंखा बघा.

कार्यक्रमाआधी हे वाचून घ्या

व्होल्ट, न्यूट्रल, अर्थ तपासले का? डब्यांचा एकूण ओहम काढला का? पॉवर्ड स्पीकर ‘लाइन’वर आहेत का? प्रत्येक वाद्याचा गेन पूर्ण जोरात वाजवून लावला का? लो कट लावला का? लिमिटरचा आकडा हिशोबाने काढला का? मास्टरला हात कोण लावणार, हे एकच नाव ठरलं का?

शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण बरीचशी यंत्रं तिथेच वाचतात. मंडळाचे दहा कार्यकर्ते दहा वेळा येऊन ‘जरा वाढव ना’ म्हणतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणणारा एक माणूस मिक्सरवर बसवा आणि अध्यक्षांनी त्याच्या मागे उभं राहावं. स्पीकर फाटला तर गाणं कुणालाच ऐकू येत नाही, आणि मांडव घातला होता तो गाण्यासाठीच.